पुरोगामी राजकारण आणि खासगी रॉकेटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वतःला पुरोगामी म्हणवतो आणि अवकाशात खासगी कंपन्यांना काम द्यावं असंही म्हणतो. या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही असं वाटणाऱ्यांचे प्रश्न व्याख्यानानंतर येतात, वॉट्सॲपवर येतात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता आला. तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरणं बहुतेक अमेरिकेची आहेत, कारण हा प्रयोग सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर तिथेच झाला. भारताचं प्र. १३ मध्ये.

१. 'व्यावसायिक अवकाश विकास' म्हणजे काय? नासा विकायला काढली का?

नाही. नासा सरकारीच आहे. फरक एवढाच की काही कामांपुरतं तिने रॉकेटची मालकी सोडून भाडं द्यायला सुरुवात केली. घर बदलताना आपण टेम्पो विकत घेत नाही, सांगतो. तसंच.

खासगी कंपन्या या धंद्यात पहिल्यापासून आहेत. अपोलोचं सॅटर्न-५ बोइंग, नॉर्थ अमेरिकन आणि डग्लस यांनी बांधलं, चंद्रावर उतरणारं यान ग्रुमनने. आपल्याकडे विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, इस्रोच्या रॉकेट मोटरची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. म्हणजे कारखाना कोणाचा हा वाद नव्हताच. आराखडा कोणाचा, मालकी कोणाची आणि खर्च वाढला तर भुर्दंड कोणाला, हा वाद आहे. तो प्र. ३ मध्ये.

२. पण हा उजव्यांचा विषय ना? पुरोगाम्यांचा याच्याशी काय संबंध?

२०१० चं अमेरिकन राजकारण आठवा. १ फेब्रुवारीला ओबामा सरकारने अर्थसंकल्पात धाकट्या बुश यांच्या काळातली 'कॉन्स्टेलेशन' ही चंद्रयोजना बंद करायचं सुचवलं आणि अंतराळवीरांना आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापर्यंत नेण्याचं काम खासगी कंपन्यांकडे द्यायचं ठरवलं. नासाच्या तेव्हाच्या उपप्रमुख लोरी गार्व्हर यांनी हा मुद्दा लावून धरला. विरोधात सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? अलाबामाचे रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांचा. त्यांच्या राज्यात, हंट्सव्हिलला, नासाचं रॉकेट बांधणारं केंद्र आहे. एरवी बाजारपेठेची आरती ओवाळणारे लोक सरकारी रॉकेटसाठी पदर खोचून उभे राहिले. नील आर्मस्ट्राँग आणि जीन सर्नन यांनीही जाहीर विरोध केला. उलट न्यूट गिंग्रिच यांच्यासारख्या कट्टर रिपब्लिकन नेत्याने ओबामांचं कौतुक केलं.

श्रेय मात्र एकाच पक्षाच्या पदरात टाकता येत नाही. स्थानकापर्यंत सामान नेण्यासाठी खासगी कंपन्यांना पैसे देणारी पहिली योजना २००६ ची, म्हणजे बुश यांच्याच काळातली.

३. कंत्राट आधीही कंपन्यांनाच होतं. मग बदललं काय?

सगळ्या वादाचं मूळ हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या घराची गच्ची गळायची. पहिल्यांदा मिस्त्री रोजावर लावला. साडेनऊला यायचा, अकराला चहा, मग 'सिमेंट कमी पडतंय', मग 'वाळू बारीक आली'. आठ दिवसांचं काम तीन आठवडे चाललं, प्रत्येक दिवसाचे पैसे आम्ही मोजले आणि पुढच्या पावसात टपटप पुन्हा सुरू. दुसऱ्या वेळी वडिलांनी वेगळा माणूस गाठून कोब्याचं काम उक्तं दिलं: इतके रुपये, सामान तुझं, पाच वर्षं गळता कामा नये. तो माणूस सकाळी साडेसातला हजर. उशीर झाला तर आता त्याचाच खिसा कापला जाणार होता.

नासाची जुनी पद्धत रोजावरची. कंपनीला जो खर्च येईल तो सरकार देणार, वर ठरलेला नफा. काम लांबलं तर कंपनीचं काहीच बिघडत नाही. नवी पद्धत उक्त्याची. टप्पा पुरा करा, ठरलेले पैसे घ्या.

आकडेच बघा. इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन-९ रॉकेट जुन्या पद्धतीने बांधायला किती लागले असते, याचा हिशेब नासाने २०११ मध्ये स्वतःच्या खर्च-प्रारूपावर काढला. उत्तर आलं, सुमारे ३.९८ अब्ज डॉलर. स्पेसएक्सचा प्रत्यक्ष खर्च, आधीच्या छोट्या फाल्कन-१ सकट, सुमारे ३९ कोटी डॉलर. दुसऱ्या टोकाला नासाचं एसएलएस, म्हणजे 'स्पेस लाँच सिस्टिम', हे रॉकेट. २०१० साली अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तडजोड म्हणून ते लादलं, म्हणून टवाळखोर त्याला 'सिनेट लाँच सिस्टिम' म्हणतात. नासाच्याच महानिरीक्षकांच्या अंदाजाने पहिल्या चार आर्टेमिस चंद्रमोहिमांना दर उड्डाणामागे ४.१ अब्ज डॉलर पडतात, वरच्या यानासकट. वापरलेलं रॉकेट दर वेळी समुद्रात.

कल्याणकारी राज्य हवं असणाऱ्या माणसाला सरकारी पैशाची ही नासाडी सगळ्यांत जास्त टोचायला हवी, असं मला वाटतं. उजव्यांना 'सरकारला काही जमत नाही' म्हणायला आयतं उदाहरण मिळतं, ते वेगळंच.

४. म्हणजे या कंपन्या स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिल्या?

अजिबात नाही. डिसेंबर २००८ मध्ये नासाने स्पेसएक्सला १२ फेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं काम दिलं, तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. पहिली तीन उड्डाणं फसून चौथं जेमतेम तीन महिन्यांपूर्वी जमलं होतं. 'एकट्या उद्योजकाची गाथा' कोणी सांगायला लागला तर त्याला ही तारीख सांगा. लोकांच्या पैशाने धंदा उभा राहिला आहे, म्हणून लोकांना अटी घालण्याचा हक्क आहे. तेच पुढे प्र. ८ आणि ९ मध्ये.

५. लोकांच्या पोटाला नाही आणि तुम्हाला चंद्र सुचतोय?

हा प्रश्न सगळ्यांत जुना, आणि मला तो कधीच मूर्खपणाचा वाटला नाही. १५ जुलै १९६९, अपोलो-११ उडण्याच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ ॲबरनाथी गरीब कुटुंबांना घेऊन केप केनेडीला पोचले. सोबत खेचरं जुंपलेली लाकडी गाडी. मागे क्षितिजावर सॅटर्न-५. नासाचे प्रमुख थॉमस पेन उघड्या माळावर त्यांना भेटायला आले. ते म्हणाले, उद्या बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही. ॲबरनाथींनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली, आणि त्यांच्यातल्या काही कुटुंबांना उड्डाण बघायचे पास मिळाले.

पेन प्रामाणिक होते, पण प्रश्न टळला नाही. १९६६ मध्ये नासाकडे केंद्रीय खर्चाचा सुमारे ४.४ टक्के वाटा जायचा. आता तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. वाटा घटला म्हणून वाचलेले पैसे गरिबांच्या घरात गेले, असं काही दिसलं नाही. अवकाशाचा खर्च कापला की शाळा बांधली जाते हे गणित मला म्हणून पटत नाही. त्याच पैशात जास्त उड्डाणं व्हावीत, हा आग्रह पटतो.

आणि विक्रम साराभाईंनी ज्याचा आग्रह धरला तो 'साइट' प्रयोग विसरू नका. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती-आरोग्य-शिक्षणाचे टीव्ही कार्यक्रम थेट पोचले. उपग्रह उसना होता, उद्देश आपला होता.

६. अब्जाधीशांच्या सहलींचं काय?

कर लावा. २० जुलै २०२१ ला ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस दहा-अकरा मिनिटं वर जाऊन आले आणि खाली उतरल्यावर ॲमेझॉनचे कामगार आणि गिऱ्हाइकं यांना म्हणाले, याचे पैसे तुम्हीच भरलेत. टीकाकारांना याहून चांगलं वाक्य लिहिता आलं नसतं. डेमोक्रॅट खासदार अर्ल ब्लूमेनॉअर यांनी त्यावर सहलींवरच्या कराचा प्रस्ताव आणला. मला तो रास्त वाटतो.

पण सहलीचं यान आणि स्थानकाला सामान, माणसं, औषधं नेणारं यान या वेगळ्या गोष्टी. एकीचा राग दुसरीवर काढू नये.

डावे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी बेझोस यांच्या 'ब्लू ओरिजिन' या अवकाश कंपनीला चंद्रयानासाठी १० अब्ज डॉलर मिळण्याची वाट मोकळी करणाऱ्या तरतुदीला विरोध केला होता. बिनअट खैरात म्हणून तो विरोध बरोबर होता. पण २०२३ मध्ये त्याच कंपनीला नासाने दुसरा पुरवठादार म्हणून ३.४ अब्जांचं उक्तं काम दिलं, त्याला मात्र माझा विरोध नव्हता. कारण प्र. ८ मध्ये.

७. मग सगळंच खासगी करावं का? हवामान, नकाशे, विज्ञान?

नाही, नाही आणि नाही. लँडसॅटची गोष्ट प्रत्येक बाजारप्रेमीला तोंडपाठ असायला हवी.

लँडसॅट हे पृथ्वीचे फोटो काढणारे अमेरिकन सरकारचे उपग्रह, १९७२ पासूनचे. पिकं, जंगलं, पूर, शहरांची वाढ, सगळ्याची नोंद त्यांत आहे. १९८४ मध्ये रेगन सरकारच्या काळात कायदा करून त्यांच्या चित्रांची विक्री एका खासगी कंपनीकडे सोपवली. एका चित्राची किंमत ४,४०० डॉलरपर्यंत चढली. विद्यापीठांनी चित्रं घेणं कमी केलं, संशोधक पर्याय शोधू लागले, आणि ज्या बाजारासाठी हे केलं तो बाजार काही उभा राहिला नाही. गिऱ्हाईक मुळात सरकारी खाती आणि शिक्षणसंस्था. त्यांनाच परवडेना, तर घेणार कोण? १९९२ मध्ये कायदा फिरवून योजना परत सरकारकडे आणली. २००८ मध्ये सगळी जुनी चित्रं फुकट करायचं ठरलं. आधी दिवसाला पन्नासेक चित्रं खपायची, ती आता हजारोंनी उतरवली जाऊ लागली. त्यातून उभ्या राहिलेल्या पीकविमा आणि पाणी-नियोजनाच्या सेवा आज खासगी कंपन्याही विकतात, आणि त्यात वाईट काही नाही.

माझी ढोबळ विभागणी अशी: वाहतूक विकत घ्या, माहिती सगळ्यांची ठेवा.

८. एकाच कंपनीच्या हातात सगळं गेलं तर?

गेलंच आहे जवळजवळ. माझ्या बाजूची ही सगळ्यांत मोठी अडचण.

सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने माणसं नेण्याचं काम मुद्दाम दोघांना दिलं: बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. तेव्हा काँग्रेसमधल्या अनेकांना दुसरी कंपनी म्हणजे उधळपट्टी वाटायची, आणि ती उधळपट्टी म्हणजे स्पेसएक्स. झालं उलटं. स्पेसएक्सने ३० मे २०२० ला अंतराळवीर नेले. बोइंगच्या स्टारलायनरने जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना नेलं खरं, पण आणायला भरवसा वाटेना. ते दोघे मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्याच ड्रॅगन यानातून परतले. दोन पुरवठादार ठेवण्याची किंमत त्या दिवशी सगळ्यांना कळली.

मग ५ जून २०२५. ट्रम्प आणि इलॉन मस्क यांचं जाहीर भांडण जुंपलं आणि मस्क यांनी ड्रॅगन बंद करण्याची धमकी दिली. काही तासांत मागे घेतली, पण तेवढा वेळ अमेरिकेची स्थानकापर्यंतची वाट एका माणसाच्या मूडवर टांगलेली होती. २०२२ मध्ये क्रिमियाजवळ युक्रेनला स्टारलिंक ही स्पेसएक्सची उपग्रह-इंटरनेट सेवा सुरू करून द्यायला नकार देणारेही तेच. तो निर्णय चूक की बरोबर यात मी शिरत नाही. तो एका कंपनीच्या मालकाने घ्यायचा नव्हता.

उपाय? दुसरा पुरवठादार, महाग पडला तरी. सेवा तोडायला मनाई करणारी कलमं. आणि मक्तेदारीविरोधी कायदा खरोखर वापरणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा भागांसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला: उद्या कंपनीने बटण बंद केलं तर गडचिरोलीच्या आरोग्यकेंद्राने दाद कुठे मागायची?

(मस्क यांचं राजकारण पटतं का, असंही बरेच विचारतात. पटत नाही. रेल्वेच्या मालकाचं राजकारण पटत नाही म्हणून रूळ उखडायचे नसतात.)

९. कामगारांचं काय? युनियन नाही, आरक्षण नाही…

रास्त तक्रार आहे. २०२२ मध्ये स्पेसएक्सच्या काही कर्मचाऱ्यांनी मस्क यांच्या वागण्याबद्दल खुलं पत्र लिहिलं आणि त्यांना काढून टाकलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने आठ जणांच्या बाजूने तक्रार दाखल केली. कंपनीने उत्तर म्हणून त्या मंडळाच्या रचनेलाच घटनाबाह्य ठरवण्यासाठी कोर्ट गाठलं.

पण सरकार गिऱ्हाईक असलं की त्याच्या हातात एक जुनं हत्यार असतं. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आदेश काढला: केंद्र सरकारचं कंत्राट हवं असेल तर नोकरीत भेदभाव चालणार नाही, वंचितांना सामावून घेण्यासाठी पावलं उचलावी लागतील. हा आदेश जवळजवळ साठ वर्षं टिकला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो रद्द केला. कंत्राटातल्या अटी राजकारणाने येतात आणि राजकारणानेच जातात. पुरोगाम्यांनी भांडायची जागा ही आहे.

१०. अवकाशात खासगी कंपन्या आणायला पुरोगाम्यांनी आधी कधी विरोध केला होता का?

१९६२ मध्ये, आणि कडकडून. त्या जुलैत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचा टेलस्टार उपग्रह नासाच्या रॉकेटवरून, कंपनीच्या खर्चाने उडाला. पाठोपाठ केनेडी सरकारने उपग्रह-संपर्कासाठी खासगी महामंडळाचं विधेयक पुढे रेटलं. एस्टेस केफॉव्हर, वेन मॉर्स, माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचे वडील अशा उदारमतवादी सिनेटरांनी भाषणांवर भाषणं करून ते अडवलं. त्यांचं म्हणणं: रॉकेटं लोकांच्या पैशाची, मग फळ एका मक्तेदाराला आंदण का? १४ ऑगस्टला ६३ विरुद्ध २७ मतांनी त्यांची भाषणं बंद पाडली गेली. सिनेटमध्ये असं १९२७ नंतर पहिल्यांदाच घडलं.

ते हरले, पण पूर्ण नाही. 'कॉमसॅट' या नव्या महामंडळाचे निम्मे शेअर सर्वसामान्यांसाठी ठेवले गेले, पंधरापैकी तीन संचालक राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे ठरले. १९६४ मध्ये त्यातूनच अनेक देशांची मिळून 'इंटेलसॅट' ही उपग्रह-संपर्क संघटना झाली. त्यांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. सगळं सरकारीच हवं, हे उत्तर मात्र गरजेचं नव्हतं.

११. चंद्र कोणाचा? उद्या कोणी सातबाऱ्यावर नाव लावलं तर?

नाही लावता येणार. १९६७ चा बाह्य अवकाश करार सांगतो की कोणत्याही देशाला तिथे मालकी सांगता येत नाही, आणि खासगी कंपनीने काहीही केलं तरी जबाबदारी तिच्या देशाची. सोव्हिएत संघाला अवकाशात फक्त सरकारं हवी होती, अमेरिकेला कंपन्याही. त्या भांडणातून हे जबाबदारीचं कलम जन्मलं.

गुंता पुढे आहे. जमीन कोणाचीच नाही, पण तिथून खणून काढलेलं? २०१५ च्या अमेरिकन कायद्याने ते खणणाऱ्याचं ठरवलं. सही ओबामांची. १९७९ च्या चंद्र कराराने ही संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा मानली. भारताने त्यावर १९८२ मध्ये सही केली पण अनुसमर्थन केलं नाही, आणि जून २०२३ मध्ये चंद्रावरच्या कामाच्या नियमांबद्दलच्या अमेरिकेच्या आर्टेमिस ठरावांवरही सही केली. समुद्र कोणाचा नाही पण जाळ्यातला मासा कोळ्याचा, अशी तुलना या कायद्याचे समर्थक करतात. कोकणातला पारंपरिक मच्छीमार आणि मोठाली जाळी टाकणारा पर्ससीनवाला यांचं भांडण ज्याने पाहिलंय त्याला ही तुलना पुरेशी वाटणार नाही. कोणी किती न्यायचं याचे नियम आधी ठरायला हवेत.

१२. रॉकेटचा तुकडा कोणाच्या शेतात पडला तर भरपाई कोण देणार?

ज्या देशाने उडवलं किंवा ज्या देशातून उडालं तो देश, १९७२ च्या करारानुसार. १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस-९५४ उपग्रह किरणोत्सारी सामानासकट कॅनडात कोसळला आणि शेवटी सोव्हिएत सरकारने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. खासगी रॉकेट असलं तरी दावा त्या देशावरच.

हे आपल्याला लांबचं नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. विदर्भातल्या आभाळातून जळते गोळे जाताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचा अवशेष असावा असा तज्ज्ञांचा कयास होता.

१३. भारतात काय? इस्रो विकणार का?

प्र. १ चंच उत्तर. जून २०२० मध्ये क्षेत्र खुलं झालं, परवानग्यांसाठी 'इन-स्पेस' ही संस्था आली, २०२३ मध्ये अवकाश धोरण. हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ ला उडालं, चेन्नईच्या अग्निकुलचं ३० मे २०२४ ला. दोन्ही श्रीहरिकोटाहून.

माझे आक्षेप दोन. एक, धोरण आलं पण कायदा मागे पडला. विधेयकाचा मसुदा २०१७ चा आहे. प्र. १२ मधला तुकडा उद्या आपल्या खासगी रॉकेटचा असेल तर सरकार भरेल, पण कंपनीकडून किती वसूल करेल हे कायद्यात लिहिलेलं हवं. दोन, इस्रोत आरक्षण आहे, स्टार्टअपमध्ये नाही. काम सरकारकडून खासगीकडे सरकतं तशा या जागाही सरकतात, आणि यावर आपल्याकडचे पुरोगामीही फारसे बोलत नाहीत. सरकारी काम घेणाऱ्या कंपनीवर प्र. ९ सारखी अट घालायला कोणी अडवलेलं नाही.

१४. नियमच नाहीत म्हणे प्रवाशांसाठी?

अमेरिकेत जवळजवळ नाहीत. उद्योग 'शिकतोय' म्हणून २००४ पासून प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करायला सरकारवर बंदी आहे. ती वाढत वाढत १ जानेवारी २०२८ पर्यंत आलीय. प्रवाशाने धोका समजल्याची सही करायची, झालं. वीसहून जास्त वर्षं म्हणजे शिकाऊ लायसन्स फारच लांबलं.

१५. उक्तं काम नेहमीच बरं का?

नाही, आणि माझ्या बाजूचे लोक हे मान्य करायला कां-कूं करतात. स्टारलायनरमध्ये बोइंगचा तोटा दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. नव्या स्पेससूटचं उक्तं काम घेतलेल्या दोन कंपन्यांपैकी कॉलिन्स एरोस्पेस २०२४ मध्ये बाहेर पडली. सामान वर नेणं माहीत असलेलं काम आहे, त्याचा भाव बांधता येतो. जेम्स वेब दुर्बिणीसारखी गोष्ट आधी कोणी केलेलीच नव्हती. सुमारे १० अब्ज डॉलर आणि कित्येक वर्षांचा उशीर लागला, पण २५ डिसेंबर २०२१ ला ती उडाली. तिचं काम उक्तं दिलं असतं तर कंपनी मध्येच पळाली असती किंवा कुठेतरी मटेरियल मारलं असतं.

आमचा तो साडेसातचा मिस्त्री गच्चीनंतर मागच्या जुन्या भिंतीचं काम बघायला आला होता. दगड-मातीची, आजोबांच्या वेळची भिंत. त्याने दोन ठिकाणी हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "काका, याचं उक्तं नाही घेत मी. फोडल्याशिवाय आत काय आहे कळायचं नाही. रोजावर सांगत असाल तर येतो."